पाच पाकळ्यांची मधुमालती

गावात शिंपी असतो, कासार असतो, लोहार असतो. मी वेलवाली होते. देऊळगाव राजात पंचवीस-सव्वीस वर्षं मी लोकांच्या दारात वेल लावून दिले. हा धंदा माझ्याआधी गावात कुणी केला नव्हता आणि माझ्यानंतरही कुणी धरला नाही, त्यामुळे त्याला धड नावही पडलं नाही. "वेलवाल्या काकू आल्या" एवढंच. आता मी बुलढाण्याला मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहते. सुनेच्या मैत्रिणी विचारतात, "काकू, म्हणजे तुम्ही नक्की करायच्या काय?" त्यांना जे सांगते तेच इथं सांगते, फक्त त्यांना सगळं सांगत नाही.

दारात, फाटकावर, ओसरीच्या खांबाला, न्हाणीच्या भिंतीला वेल चढवायचा. जाई, जुई, कृष्णकमळ सगळं लावलं, पण मागणी मधुमालतीला. लोकांना वाटतं, खड्डा केला, रोप खोचलं, झालं. तुळशीचं तसं होतं. मधुमालती पहिल्या वर्षी झुडपासारखी गप्प बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, काकूंनी फसवलं. दुसऱ्या वर्षी उठते ती खांब सोडून पत्र्यावर आणि पत्रा सोडून शेजाऱ्याच्या कडुलिंबावर. तिसऱ्या वर्षी तिला आवरणारं माणूस लागतं. ते माणूस मी. फुलोरा संपला की माघात कोयता घेऊन जायचं आणि निर्दयपणे छाटायचं, कारण तिची फुलं नव्या फुटीला येतात. छाटताना हात सोलून निघतात. तिच्या जुन्या पानांचे देठ गळून पडत नाहीत, वाळून काट्यासारखे उभे राहतात. माझ्या हातांवरच्या रेघा पाहून नातू म्हणतो, आजी, मांजर पाळलं होतं का? म्हटलं, हो बाबा, पाळलं होतं, फक्त ते झाडावर चढलं की उतरत नसे.

शिकले कुठं? कुठंच नाही. बीबी माझं माहेर. तिथं मायनं न्हाणीच्या सांडपाण्यावर मधुमालती लावली होती आणि ती गोठ्याच्या छपरावर जाऊन पसरली होती. दिवस मावळायच्या सुमाराला फूल उमलायचं ते पांढरंशुभ्र. दुसऱ्या दिवशी गुलाबी व्हायचं, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. माय दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात निंदणीला जायची, पण सांजेला हातपाय धुऊन दहा मिनिटं त्या वेलाखाली बसल्याशिवाय चूल पेटवायची नाही. माझं लग्न झालं तेव्हा तिनं त्याच वेलाची मुळासकट निघालेली एक कोवळी फूट, म्हणजे कोंब, फुटक्या घागरीत घालून दिली. म्हणाली, "सासरी न्हानी कुठं हाये ते पाह्य आन तिथं लाव. कोनाले इचारू नको." मी कोणाला न विचारता लावली. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, त्याच्या आगेमागेच्या गोष्टी या.

वेल न्हाणीवर फुलला आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबायला लागल्या. एकीला दाब करून दिला. दाब म्हणजे काय, तर वेलाची लांब फांदी वाकवायची, तिच्या पोटाला थोडी चीर द्यायची, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा. फांदी आईवर जगते आणि पोटाखाली स्वतःची मुळं काढते. दोन महिन्यांनी आईपासून तोडायची, तीही एकदम नाही. आधी अर्धी कापायची, पंधरा दिवस थांबायचं, मग पूर्ण. एकदम तोडली तर मान टाकते. एकीचं पाहून दुसरी आली, दुसरीचं पाहून वकिलीणबाई आल्या आणि बघता बघता मी शिडी घेऊन लोकांच्या घरी जायला लागले.

आमचे हे शाळेत शिपाई. माझी शिडी पाहून पहिल्या दिवशी म्हणाले, "बाईमानूस शिडीवर चढते, लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "लोक म्हनतीन, खालून शिडी धरनारा नवरा चांगला हाये."

पुढच्या रविवारपासून ते शिडी धरायला यायला लागले. आयुष्यभर धरली. वर बघून सूचना मात्र द्यायचे, "तिकडची फांदी सुटली वं, तिकडची!" जणू मी आंधळी.

फजित्या पुष्कळ झाल्या. एका कारकुनाच्या घरावर वेल कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, खाली शिरला. मी छाटायला बोलवा म्हणून तीनदा निरोप धाडला होता, पण त्यांना फुलांचा मोह सुटेना. पावसाळ्यात कवेलू उचलले गेले आणि पाणी नेमकं सासूबाईंच्या खाटेवर. सून मला फाटकात गाठून हळूच म्हणाली, "काकू, इतक्यात नका छाटू." दुसऱ्या एका घरी मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते. घरमालक म्हणाले, "महिनाभरात फाटकावर फुललेला वेल पाहिजे, काकू, घर भारी दिसलं पाहिजे." महिन्याभरात फुलायला वेल काय भजी आहे? शेवटी मी आमच्याकडच्या फुललेल्या फांद्या सकाळी तोडून त्यांच्या फाटकावर बांधून दिल्या. पाहुणे शिरले तेव्हा झकास. चहा होईपर्यंत फांद्यांनी माना टाकल्या. पण जमलं ते लग्न! मुलाची मावशी जाताना एक फांदी लावायला म्हणून मोडून घेऊन गेली. तिच्या अंगणात ती काय लागली असेल ते देव जाणे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

धंदा चालू लागून चारेक वर्षं झाली असतील. एका लग्नाला जालन्याला गेले होते, तिथं एका बंगल्यावर मी डबलची मधुमालती पाहिली. मायच्या वेलाच्या फुलाला पाच पाकळ्या. हिच्या फुलाला मोजता येणार नाहीत इतक्या. घोस कसे भरगच्च, लांबून पाहिलं तर वेलावर चोळीखण वाळत घातलेत असं वाटावं. माळ्याला गोड बोलून तिचा एक दाब मिळवला आणि मांडीवर घेऊन आले.

झालं. सगळ्या गावाला डबल पाहिजे. आणि खोटं कशाला बोलू, मीच त्यांना सांगायची. "ती जुनी काय ठेवता? एकेरीची आता कोणी लावत नाही." दारोदार जाऊन मी माझ्याच हातानं लावलेले पाच पाकळ्यांचे वेल खणून काढले आणि तिथं डबल लावली. वास कमी आहे हिचा, हे मी कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मधुमालती काढणं सोपं नसतं. तिची मुळं लांब लांब जमिनीखालून पळतात आणि हातभर अंतरावरून पुन्हा डोकं काढतात. आमच्या अंगणात मी डबलचे दाब करायची, त्यांच्यात मायच्या वेलाची फूट यायची. दोन गिऱ्हाइकांकडे डबल म्हणून दिलेली एकेरी निघाली. गावात बोभाटा झाला, काकू फसवते. मग मी मायचा वेल काढायचं ठरवलं. तीन दिवस कुदळीनं मुळं खणली. पुन्हा फुटू नये म्हणून खड्ड्यात खडेमीठ टाकलं. शिडी नसली तरी टोपली धरायला हे उभे होते. म्हणाले, "सासूबाईचा वेल हाये, एखादी फूट कोपऱ्यात राहू दे." मी म्हटलं, "धंद्यात असं नसते." केवढी शहाणी होते मी तेव्हा.

गावात एकच बाई मला आडवी गेली. सुलोचनाबाई, मास्तरांच्या घरच्या. मी कुदळ घेऊन गेले तर वेलापुढे उभ्या राहिल्या.

"माझ्या वेलाला हात लावायचा नाही."

"बाई, डबलचे घोस पाहिले नाहीत तुम्ही अजून."

"पाहिलेत. लग्नातल्या करवलीसारखे आहेत. मला रोज घरात करवली नको."

मला राग आला. गावात माझा शब्द चालायचा तेव्हा. जाता जाता म्हणून गेले, "राहू द्या मग. तुमच्या दारी जुनंपानंच शोभतं." मास्तरांचा पगार बेताचा, घर पडकं. त्यांच्या मुलीनं ऐकलं. पुढच्या वर्षी मास्तरांची बदली लोणारला झाली. वेल घेऊन गेल्या म्हणे बरोबर. मी हसले होते ऐकून.

पुढं चार-पाच वर्षांनी भावानं बीबीचं घर विकलं आणि तो कामासाठी नागपूरकडे गेला. वेल त्यानं त्याआधीच तोडला होता, गोठा पाडताना. मायला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. भावाच्या एका खोलीत ती मावेना, म्हणून मी तिला देऊळगावला आणलं. मला आनंदच होता. लग्न झाल्यापासून मायजवळ सलग आठ दिवस राहिले नव्हते, आता ती माझ्या घरीच राहणार होती.

पहिल्याच दिवशी सांजेला तिला न्हाणीजवळच्या मांडवाखाली बसवलं. वास आला तशी तिनं हात वर केला. मी एक घोस तोडून तिच्या हातात दिला. तिनं तो बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला.

"हे काय वं?"

"मधुमालती, माय."

"नाही." तिनं घोस मांडीवर टाकून दिला. "मधुमालतीले पाच पाकळ्या असते. हा त चिंध्याइचा गोंडा हाये. आपला कुठं हाये? तुले देल्ला होता मी."

मी म्हटलं, "वाळला तो."

मायनं मांडीवरचा घोस खाली झटकला. मग म्हणाली, "तो वाळत नसते. त्याले काढा लागते."

एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून मांडवाखाली बसेना. भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसायची आणि दिवसाआड एकच म्हणणं, "मले बीबीले नेऊन दे."

"माय, घर विकलं. तिथं आता परके लोक राहतात."

"राहू दे ना. मी काय त्याइचं जेवाले मागून राह्यली?"

जेवण कमी झालं तिचं. विचारलं तर म्हणायची, भूक नाही. शेजारणी मला समजावायच्या, म्हातारं माणूस आहे, रुळेल हळूहळू. पण मला कळत होतं. मुळं धरत नसलेलं रोप मला कळणार नाही? माझ्या घरात माझी माय मुळं धरत नव्हती. आणि माझ्या डोक्यात एकच बसलं की हिला तो वेल आणून दिला तर ही राहील.

मग मी शोधायला निघाले. वकिलांकडे गेले, कापडवाल्यांकडे गेले, बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत तर घरोघर गेले. जिथं जिथं मी पाच पाकळ्यांचा वेल लावला होता तिथं तिथं डबल. लोक कौतुकानं दाखवायचे, "काकू, तुम्हीच तर लावून दिलाय! आठवत नाही?" आठवत होतं. सगळं आठवत होतं. एका घरी परसात जुनी फूट आलेली दिसली, धावत गेले, तर ती जाई. कापडवालीण म्हणाली, "एकेरीची कशाला शोधता? तुम्हीच म्हणालात कोणी लावत नाही." मी म्हटलं, "चुकीचं म्हणाले." ती हसली. तिला वाटलं, काकू थट्टा करतात.

राहिल्या सुलोचनाबाई. लोणारला जायचं धाडस व्हायला मला दोन महिने लागले. ह्यांनी विचारलं, "सरोवर पाह्यले चालली का?" म्हटलं, नाक घासाले चालली. एसटीत खिडकीला बसले आणि मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवत राहिले. लोणारला घर सापडायला वेळ लागला नाही. मास्तरांना कोण ओळखत नाही. सुलोचनाबाई दारातच गहू निवडत होत्या. कानाशी एखाददुसरा केस पांढरा झाला होता. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि सुपातलं बोट न थांबवता म्हणाल्या,

"या. आज कोणाचा उपटायला आलात?"

जुळवलेलं सगळं विसरले. तिथं उंबऱ्यावरच बसले आणि माय, घागर, मीठ, चिंध्यांचा गोंडा, सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते माझ्या सुमीनं आठ दिवस मनात धरलं होतं. मी नाही धरलं. मला माहीत होतं, तुम्हाला वेलाचं कळतं, माणसांचं शिकाल हळूहळू. चला मागं."

मागं गेलो. मांडव होता, पण वेल नुकताच छाटलेला. पान नाही, फूल नाही, नुसते दांडे. माघातली छाटणी, मीच त्यांना शिकवलेली.

"आणखी एक अडचण आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "या घरात आधीचा एक वेल होताच. डबलचा. आता दोन्ही एकात एक गेलेत. कुठला दांडा कुणाचा, ते मला नाही सांगता यायचं."

मी साल खरवडून पाहिली, मूळ हुंगून पाहिलं, दांडा दाबून पाहिला. पाहिलं तेव्हा मोठी जाणकार दिसत असेन. कळलं काही नाही. फूल नसलं की दोघी सख्ख्या बहिणी, एका तोंडाच्या. शेवटी मांडवाच्या उजव्या अंगाची एक फूट आणि डाव्या अंगाची एक फूट मुळासकट खणून घेतली, ओल्या गोणपाटात बांधली. निघताना त्या म्हणाल्या, "माझा निघाला तर कळवा. डबल निघाला तर पुन्हा या. मी काही उपटणार नाहीये." मी पाया पडायला वाकले, तर "अहो, मी तुमच्याहून लहान आहे," म्हणून पाय मागं घेतले.

घरी येऊन मायच्या खाटेशी बसले. "माय, तो वेल वाळला नव्हता. मीच काढला."

"ठावूक हाये."

"दुसरा आणलाय. पण तोच आहे का ते मला ओळखू येत नाही."

माय पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसली. "मंग लाव. सांगन तो आपलं आपन."

दोनातली एक फूट उन्हाळ्यात गेली. एक लागली. पुढचं सव्वा वर्ष त्या घरात त्या वेलाशिवाय दुसरा विषय नव्हता. माय सकाळी तोंड धुवायची ती त्याच्या बुडाशी, म्हणजे पाणी वाया जायला नको. चाचपडत जाऊन रोज शेंडा कुठवर आला ते हातानं मोजायची. "आज माह्या कोपरालोक आला," "आज खांद्याले लागला." जेवायला लागली. माझ्या मुलांना बीबीच्या गोष्टी सांगायला लागली. मला वाटलं, आता राहिली माय. धरली मुळं.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणाच्या आसपास, कळ्यांचा पहिला घोस लोंबला. चार दिवस आम्ही सगळे त्याच्यावर डोळे लावून बसलो. हे शाळेतून आले की टोपी न काढता आधी मांडवाखाली. सुलोचनाबाईंचा वेल की दुसरा, हे कळीवरून काही कळेना. एका सांजेला मी भाकरी टाकत होते, तोच ह्यांनी हाक मारली, "ये वं, लवकर ये!" मी पिठाच्या हातांनी धावले. तीन फुलं उमलली होती. पांढरी. घोस हळूच खाली ओढून मायच्या हातात दिला.

मायनं अंगठ्यानं एक एक पाकळी चाळवली. एक. दोन. तीन. चार. पाच. मग थांबून बोट फिरवत राहिली, सहावी सापडते का ते पाहत होती. नाही सापडली. तिनं फूल नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मी पिठाचे हात पदराला पुसले.

मग ती म्हणाली, "आता मले बीबीले ने. याले घेऊन. तिथं लावून देऊ."

मी वेल आणला होता तिला ठेवून घ्यायला. आणि वेलानं तिला घराचीच आठवण करून दिली.

मी तिला म्हटलं, "माय, एकच वेल आहे. फुलावर आलेला वेल उपटून नेला आणि तिकडं लागला नाही तर दोन्हीकडून गेला. दाब करते. दोन महिने थांब, मग तू, मी आणि दाब, तिघं जाऊ." धंद्यात बरोबर होतं ते. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी हेच सांगितलं असतं. पण माय माझं गिऱ्हाईक नव्हती. दाब लागायची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी तिला एसटीत बसवून नुसतं बीबी दाखवून, म्हणजे हुंगवून, आणता आलं असतं. हे मला सुचलंच नाही. मला वेलाचं सुचत होतं.

माय थांबली. रोज मातीवरच्या दगडाला हात लावून विचारायची, "लागला का?" मी म्हणायची, लागतोय. भादव्यात तिला हिवताप आला. पंधरा दिवसांनी ताप उतरला, पण पाय गेले. खाटेवरून उतरून न्हाणीपर्यंत जाणंही दोघांनी धरल्याशिवाय होईना. दाब मात्र असा झकास लागला, पांढरी मुळं मातीतून डोकावत होती. पहिला काप दिला, पंधरा दिवसांनी दुसरा दिला, तेलाच्या डब्यात बसवला आणि तिच्या खाटेजवळ नेऊन ठेवला.

"बैलगाडी करू माय, गाद्या टाकून नेते."

"नको. हाडं मोडतीन माही." तिनं डब्यातल्या मातीत बोट खुपसून ओल पाहिली. "तूच लावून ये. आन मंग मले सांग."

मी एकटीच गेले. बीबीत उतरले, घरापाशी गेले आणि उभीच राहिले. गोठा नव्हता. तिथं पत्र्याची खोली. जुनी न्हाणी बुजवून नवी दुसऱ्या अंगाला बांधलेली. अंगण अर्धं शेजाऱ्याच्या भिंतीत गेलेलं. सगळ्या देऊळगावला वेलाची जागा दाखवणारी मी, मला माझ्या मायच्या वेलाची जागा दाखवता येईना. घरातून एक बाई आली, तिशीची असेल, कडेवर मूल. मी सांगितलं, इथं माझ्या मायचा वेल होता, मला तो परत लावायचा आहे, तुमची हरकत नसेल तर.

ती म्हणाली, "मी काऊन नाही म्हनीन? फुलाचाच हाये ना?" आणि आजूबाजूला पाहून पायानं एक जागा दाखवली. "इथं लावा. सांजच्याले भांडे घासन इथंच होते माह्यं. पानी आपोआप जाईन."

मी तिथंच लावला. तिच्या मुलानं मूठभर माती टाकली. तिनं चहा दिला. गाडीची वेळ झाली म्हणून घाईनं निघाले.

घरी आले तर माय उशाला टेकून ताठ बसलेली. "कुठं लावला?"

"न्हाणीपाशी, माय."

"ऊन येते का?"

"येतं."

"आन पानी कोन टाकते?"

"त्या घरची बाई. रोज टाकते म्हणाली."

"नाव काय तिचं?"

नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"ज्याच्या हाती वेल देल्ला त्याचं नाव नाही इचारलं?" माय एवढी चिडलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. "आन म्हने धंदा करतो! इतके वेल लावले तुवं, असेच लावले का?"

हे आतून म्हणाले, "तसेच लावले, सासूबाई." मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. खरंच होतं. घरं माहीत होती मला, फाटकं माहीत होती, कुणाच्या कवेलूखाली वेल शिरतो ते माहीत होतं. वेलाला पाणी घालणाऱ्या बायांची नावं अर्ध्याहून जास्त माहीत नव्हती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बीबीची गाडी धरली, नुसतं नाव विचारायला. वेलाला दोन नवी पानं आली होती. ती बाई मला पाहून घाबरली, म्हणाली, "काय झालं? चुकीच्या जागी लावला का?" मी कारण सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसत सुटली. गयाबाई नाव तिचं. मी परत येऊन मायला सांगितलं. तिनं दोनदा पुटपुटून पाहिलं, सुपारी चघळावी तसं.

त्यानंतर माय दोन हिवाळे जगली. बीबीला नेऊन दे, असं पुन्हा कधी म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करूनही बसली नाही. सांज झाली, बाहेर गुरं परतल्याचा आवाज आला, की मान थोडी वर करायची आणि मी जवळ असो की नसो, म्हणायची, "गयाबाईनं पानी टाकलं असन आता."